आप्पांच्या नावाने झाड लावू नका

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाशी भांडत होते. फोनवर त्यांचा मुलगा विलास होता. "बाई, आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले आन् गेले." मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी "येते" म्हणाले आणि सिलिंडर दारातच सोडून पर्स उचलली. तेव्हापासून आजवर, म्हणजे गेल्या दीड महिन्यात, भेटलेल्या निम्म्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: साप चावला का? नाही चावला. हा माणूस सगळी हयात साप, सरडे, बेडकांच्या मागे हिंडला, त्यातल्या एकानेही त्यांना दात लावला नाही. हृदय बंद पडलं, जसं आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचं पडलं, तसंच. पण सापाच्या नावावर एक मरण खपवायची संधी सोडतील तर ते लोक कसले. म्हणून हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

नामदेव आप्पा रेल्वेत कीमन होते. रोज ठरलेला रुळांचा पट्टा पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. केडगाव ते दौंड या मार्गावर त्यांची सगळी नोकरी झाली. गाव मात्र घोड नदीकाठचं, शिरूर तालुक्यातलं, इनामगावाच्या जरा अलीकडे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मांडूळ शोधणारे चोरटेही पेपर वाचतात. खाली बघत चालणं हीच ज्याची नोकरी, त्याला जमिनीवरचं सगळं दिसायला लागतं. कुठल्या दगडाखाली सापसुरळी आहे, कुठल्या मोरीत घोरपड उन्हाला येते, फुरसं कुठे वेटोळं घालून बसतं, हे त्यांना फाटकांच्या नंबरांसारखं पाठ होतं. नावं मात्र त्यांना येत नव्हती, आणि त्या नावांपायीच आमची ओळख झाली.

मी केडगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. मार्च महिना असेल, मधली सुट्टी झाली होती, आणि खाकी कपड्यातले एक उंच गृहस्थ हातात जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. डब्यात ओली माती होती आणि मातीत एक गुबगुबीत, दगडासारखा बेडूक. रुळाच्या कडेची चर खणताना सापडला म्हणाले. "कमरंइतक्या खोल हुता बाई. मेला म्हणावं तर डोळं उघडतोय. ह्यो काय प्रकार हाय?" मी मोठ्या दिमाखात बेडूक उचलला, त्याच्या मागच्या पायाच्या टाचेवरचा कडक उंचवटा दाखवला आणि सांगितलं की हे त्याचं फावडं, याने तो मागे मागे सरकत मातीत उतरतो आणि पुन्हा पाणी येईपर्यंत तिथेच पडून राहतो. आप्पा ऐकत राहिले. मग गाडीची वेळ झाली म्हणून डबा तिथेच ठेवून गेले. मी काय केलं असेल? त्या काळातल्या कुठल्याही विज्ञानाच्या बाईंनी केलं असतं तेच. बेडूक फॉर्मलिनच्या बरणीत घातला, वर चिठ्ठी चिकटवली आणि बरणी कपाटात पुढच्या रांगेत मांडली.

पंधरा दिवसांनी ते बेडूक न्यायला आले. मी बरणी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, परत ठेवली. "म्या तवा बघायला दिला हुता बाई," ते म्हणाले, "मारायला न्हाई. त्याची जागा खूण करून ठेवलीया. परत ठेवायचा हुता." आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. मी वर्गात पोरांना डोळ्यांनी गप्प करणारी बाई, पण त्या दिवशी नजर माझीच खाली गेली. शेवटी चहा घेणार का असं विचारलं. ते घेतो म्हणाले. त्या दिवसानंतर माझ्या प्रयोगशाळेत एकही जीव मेला नाही, आणि आप्पांचा चहा चुकला नाही.

निवृत्त झाल्यावर ते गावी राहायला गेले, आणि मी सुट्टीच्या दिवशी चौफुल्याहून न्हावऱ्याच्या एसटीत बसून त्यांच्याकडे जायला लागले. त्यांच्या गावाला कालव्याचं पाणी पोचलं तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे ऊस. एवढ्या उसात गावाबाहेरचं गायरान तेवढं जसंच्या तसं राहिलं होतं. मुरमाचा उघडा माळ, गुडघ्याएवढं कुसळी गवत, मधे मधे काळे दगड. लोक त्याला पडीक म्हणायचे. एप्रिलच्या उन्हात आप्पांनी मला तिथे पहिल्यांदा नेलं, एका दगडाकडे बोट केलं आणि गप्प बसवलं. मला आधी काही दिसेना. मग मातकट रंगाचा वीतभर सरडा दगडावर चढला, पुढचे पाय ताठ केले आणि गळ्याखालून एक पंखा उघडला, निळा, काळा आणि नारिंगी. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी विज्ञान शिकवून केस पांढरे केले, पण असा रंग मी पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता. आप्पा त्याला नवरदेव म्हणायचे.

हा सरडा आपल्या पश्चिम भारतातली माळरानं सोडली तर जगात कुठेही नाही. मी त्यांना तिथेच बसून समजावलं की हा पंखा एका दिवसात आला नाही. ज्या नराचा गळा जरा जास्त उठून दिसला त्याला माद्यांनी पसंत केलं, त्याची पिल्लं वाढली, त्यातल्यांनाही तसंच निवडलं, असं लाखो पिढ्या चाललं तेव्हा हा रंग झाला. आप्पा म्हणाले, "म्हंजी बायकांनी निवडून निवडून नवरं रंगवले. आमच्यात उलटं झालं बाई, आम्हाला कुणी निवडलंच न्हाई, जे हुतं ते गळ्यात घातलं." मागून त्यांच्या मंडळी, म्हणजे कौसल्यावहिनी, जेवणाचं फडकं घेऊन येत होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी आप्पांना कांदा मिळाला नाही.

इनामगावच्या टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली याचं आम्हा सगळ्यांना केवढं कौतुक. सहली नेतो, फोटो काढतो. आप्पा म्हणायचे, नवरदेव त्या घरांच्याही आधीपासून इथं बसलाय, त्याचा सातबारा कोण काढणार? मी हसले होते. हसायचं नव्हतं, हे पुढे कळलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातंय, तरी लिहितेच. काही वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका कंपनीने त्या माळावर झाडं लावायचं ठरवलं. तेव्हाचे सरपंच खूश, गाव खूश. कार्यक्रमाला शाळेची मुलं हवी होती. आमच्या शाळेचं पर्यावरण मंडळ माझ्याकडे होतं, आणि मी, हो, मीच, टेम्पो भरून मुलं घेऊन गेले. झाड लावणं वाईट असतं असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? मुलांनी "झाडे लावा" च्या टोप्या घातल्या होत्या. माळाचा पूर्वेकडचा अर्धा भाग जेसीबीने आधीच खणून ठेवला होता, दगड उलटेपालटे झाले होते, मुरूम वर आला होता. आप्पा बांधावर उभे होते. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "बाई, तुम्ही पण?" आणि घराकडे गेले. मला राग आला. म्हातारा हेकट झालाय, असं मी टेम्पोत बसता बसता एका शिक्षिकेला म्हणाले सुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला बोलावलं. सगळा माळ फिरवून दाखवला. पश्चिमेकडच्या अर्ध्या माळावर नवरदेव पंखे उघडून बसले होते, मी सतरा मोजले. पूर्वेकडच्या अर्ध्यात एकही नाही. प्रत्येक रोपाला आधाराचा बांबू होता आणि जवळपास प्रत्येक बांबूवर एक कावळा. आप्पा म्हणाले, "त्यो दगडावर चढतो ते लांबून दिसावं म्हणून. आन् आपण त्याच्या दुश्मनाला माडी बांधून दिली." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर? माझ्यावरच. भर दुपारी मी साडीचा पदर खोचला आणि रोपं उपटायला सुरुवात केली. आप्पा "ऱ्हाऊ द्या बाई, कुणी बघंल" म्हणत मागून आले, पण मी थांबले नाही. चाळीसेक उपटली असतील. मग हात सोलले आणि मी खाली बसून रडले.

कुणीतरी बघितलंच. पण बघणाऱ्याला लांबून दिसली ती आप्पांची टोपी. ग्रामसभेत त्यांना उभं केलं. सरपंचांनी विचारलं, झाडं का उपटली? आप्पांनी ‘मी उपटली’ असं म्हटलं नाही आणि ‘मी नाही उपटली’ असंही म्हटलं नाही. ते एवढंच बोलले: "ह्यो माळ पडीक न्हाई. मोकळा हाय." लोक हसले. मला हे कळलं तेव्हा मी फोन केला, म्हटलं मी येऊन सांगते. ते म्हणाले, "तुमची नोकरीची दोन वर्षं ऱ्हायलीत. म्या म्हातारा मानूस, मला काय हुतंय." त्या कंपनीने आमच्या शाळेला नवी बाकं दिली होती, मुख्याध्यापकांनी त्यांचा सत्कारही केला होता. मी गप्प बसले. दोन वर्षं संपली, निवृत्त झाले, तरी गप्पच बसले, कारण आता विषय मिटलाय असं मी स्वतःला सांगत होते. तो मिटला नव्हता. विलास पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा समोरच्याने भाषणात हेच काढलं, झाडं उपटणाऱ्याचा पोरगा गावाचं काय भलं करणार. विलास पडला. त्यानंतर बाप-लेकात बोलणं कामापुरतं राहिलं. आप्पांनी तेव्हाही त्याला माझं नाव सांगितलं नाही.

दशक्रिया विधी घोडच्या घाटावर झाला. पिंड ठेवले, कावळा लगेच शिवला. सगळे समाधानाने म्हणाले, आप्पांची काही इच्छा मागे राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, कावळ्याला काय माहीत. आमच्या भागात दशक्रियेला प्रवचन होतं आणि त्यानंतर भाषणं होतात, हे वाचकांना माहीत आहेच. माजी सरपंच माइकवर आले, तेच, ज्यांनी आप्पांना ग्रामसभेत उभं केलं होतं. आता नवी चांगली पद्धत आहे, म्हणाले, रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं. तर राहिलेल्या अर्ध्या माळावर ‘नामदेव आप्पा स्मृतिवन’ होणार, पाचशे झाडांचं. सोमवारपासून जेसीबी खड्डे घेणार, पावसात रोपं लागणार. टाळ्या दशक्रियेला वाजवत नाहीत, नाहीतर वाजल्या असत्या.

मी विलासकडे बघितलं. डोकं भादरलेलं, डोळे भरलेले, हात जोडलेले. त्याचा बाप ज्या गावात झाडं उपटणारा म्हणून ओळखला गेला, तेच गाव आज त्याच्या नावाने वन उभं करत होतं. त्याला केवढं बरं वाटत होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं... आणि ते मला मोडायचं होतं. आप्पा जाऊन दहा दिवस झाले होते, आणि त्यांचा माळ त्यांच्याच रक्षेने बुजवायला निघाले होते. मी उठले. बाईमाणूस, दुसऱ्या तालुक्यातली, त्यातून ख्रिस्ती, दशक्रियेत माइक मागतेय म्हटल्यावर लोक चुळबुळले. सूत्रसंचालक देईना. मी त्याच्या हातातून घेतला.

"मी केडगावची. आप्पांनी झाडं उपटली नव्हती," मी म्हणाले. "ती मी उपटली. आप्पांनी माझी नोकरी वाचवायला ते अंगावर घेतलं, आणि मी त्यांना घेऊ दिलं. त्यांना हसलात ना, ते मला हसायला हवं होतं. आणि आता ऐका. त्यांच्या नावाने त्या माळावर एक जरी झाड लावलंत, तर तेही मी उपटीन. आता मला नोकरी नाही." पुढे मी सरड्याचं, कावळ्यांचं, मोकळ्या रानाचं सांगायला लागले, पण तोवर कुणीतरी माइक बंद केला होता. तरी मी बोलत राहिले. मुलांना शिकवून आवाज बऱ्यापैकी तयार आहे माझा.

विलास माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आत्ता सांगताय बाई? ते ऐकायला हुते तवा न्हाई सांगितलं." माजी सरपंच मध्ये पडून म्हणाले, जाऊ द्या, बाईंना दुःख झालंय, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. तेव्हा कौसल्यावहिनी उठल्या. रक्षेची घागर त्यांच्याजवळच होती. ती त्यांनी कमरेवर घेतली, पाण्याची घ्यावी तशी. "मला समदं ठाव हुतं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं हुतं, बाईला कुणी काय बोलायचं न्हाई म्हणून. रक्षा मी कुणाला देणार न्हाई." आणि घाटाच्या पायऱ्या चढून गेल्या.

सोमवारी पहिल्या एसटीने मी गेले. माळाच्या कडेला जेसीबी उभा होता, इंजिन बंद. त्याचा बिहारी चालक टायरच्या सावलीत बसला होता. थोड्या अंतरावर दगडावर विलास. मला वाटलं, आता हा मला हाकलणार. तो म्हणाला, "बाई, एक दाखवा. मी ह्याच गावचा, आन् मी एक पण बघितलेला न्हाई." आम्ही उन्हात बसलो. अर्धा तास गेला, काही हलेना. मला घाम फुटला, उन्हाने नव्हे. चाळीस माणसांसमोर तोंड वर करून बोलले होते, आणि आता एक वीतभर सरडा माझी लाज राखतो की नाही याची वाट बघत होते. मग समोरच्या दगडावर एक चढला. पाय ताठ केले, गळा उघडला... निळा, काळा, नारिंगी. विलास हलला नाही. चालक उठून आमच्या मागे येऊन उभा राहिला होता, "ये क्या है भैया?" विलासने मागे न बघता सांगितलं, "मेरे बाप का है. तू गाडी घुमा."

रक्षा कौसल्यावहिनींनी त्याच संध्याकाळी माळावर सोडली, खड्डा न करता, वाऱ्यावर. माजी सरपंच अजून ऐकत नाहीत. पावसाआधी ग्रामसभेत ठराव आणतो म्हणतात, पडीक जमिनीवर गावाचा हक्क आहे म्हणतात. आणा ठराव. मीही येणार आहे, विलासही बोलणार आहे, आणि कौसल्यावहिनींनी बचत गटातल्या बायकांना आत्तापासून तारीख सांगून ठेवली आहे. मधल्या काळात विलासने शिरूरला जाऊन एक पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला. पेंटरने त्याला दोनदा फोन केला, मजकूर बरोबर आहे ना, काही राहिलं तर नाही ना. बरोबर आहे, काही राहिलेलं नाही. माळाच्या तोंडाशी तो आता रोवलाय, जेसीबीला आत शिरायचं तर तो पाडूनच शिरावं लागेल अशा जागी. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात लिहिलंय: ‘कै. नामदेव आप्पा यांच्या स्मरणार्थ. या माळावर कोणीही झाड लावू नये.’